सगळ्यात खालची ओळ

बादशहाला बादशहा म्हणायला सुरुवात केली ती छापखान्यातल्या लोकांनी. माणूस बघाल तर किरकोळ अंगाचा, खांदे पडलेले, आवाज असा की दुकानदाराला दोनदा हाक मारावी लागे. पण ज्या साम्राज्याच्या याच्या जन्माच्या कितीतरी आधीच फुटून चिंध्या झाल्या होत्या, त्या साम्राज्याच्या नोटा तो जमवायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी भिंग उघडायचा. मग लोक सोडतात होय? "काय बादशहा, खजिन्यात भर पडली का?" असं जो तो विचारी, आणि हा बापडा खरंच काय भर पडली ते सांगत बसे. चेष्टा त्याला कळायची नाही असं नाही. पण नोटांबद्दल कुणी विचारतंय, एवढ्यावरच तो खूश असायचा.

छापखान्यात त्याचं काम मुद्रितं तपासायचं. रेल्वेची वेळापत्रकं, औषधाच्या बाटलीबरोबर येणारे कागद, कुठल्या कुठल्या भाषांतले करारनामे. त्या कामात मजकूर समजलाच पाहिजे अशी अट नसते. मूळ कागदावर जे अक्षर आहे तेच छापलेल्या कागदावर आलंय ना, एवढं बघायचं. त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. ज्या भाषेतला एक शब्द कळत नाही, तिच्यातला चुकलेला काना त्याला वीतभर अंतरावरून टोचायचा. मालक म्हणायचे, याला अर्थ कळत नाही म्हणूनच चूक दिसते. ते म्हणायचे कौतुकानं, आणि तोही कौतुक म्हणूनच ऐकायचा.

आता त्या नोटांचं सांगायला हवं. साम्राज्य मोठं, माणसं नाना तऱ्हेची, म्हणून नोटेवरची रक्कम आठ भाषांत लिहिलेली. सगळ्यात वर दरबारी भाषा, ठसठशीत, वेलबुट्टी काढलेली. मग मानाप्रमाणे एकेक खाली, अक्षर बारीक बारीक होत जाणारं. आणि सगळ्यात तळाला डोंगराकडच्या लोकांची ओळ, मुंगीच्या पायांसारखी. साम्राज्य फुटलं तेव्हा वरच्या भाषांना एकेक देश मिळाला, झेंडा मिळाला, नव्या नोटा मिळाल्या. तळातल्या भाषेला काही मिळालं नाही. नव्या सरकारांकडे सुरुवातीला स्वतःच्या नोटा छापायलाही सवड नव्हती, म्हणून त्यांनी जुन्याच नोटांवर शिक्के मारून दिवस काढले. शिक्का मारायला मोकळी जागा खाली, तेव्हा तो बसायचा नेमका त्या शेवटच्या ओळीवर. त्यामुळे ती ओळ धड दिसणारी नोट मिळणं म्हणजे मोठं नशीब, आणि बादशहाचा जीव अडकलेला त्या ओळीत.

नोट हातात आली की, म्हणजे चिमट्यात आली की, तो तिचा सगळा जन्म सांगायचा. उजेडासमोर धरून कागदातलं पुसट चिन्ह बघायचा. चार घड्या असतील तर म्हणायचा, ही खिशात वागवलेली. दोनच असतील तर पुस्तकात लपवलेली. कोपऱ्यात टाचणीची भोकं असतील तर कचेरीतून आलेली, आणि मधोमध शिवणीची भोकं असतील तर कुणीतरी कोटाच्या अस्तरात शिवून ती घेऊन पळालेलं. असं सगळं त्याला कळे. न कळे ती फक्त खालची ओळ वाचायची कशी.

त्याचं लग्न जमलं ते त्या ओळीवरूनच. छापखान्याच्या बांधणी खात्यात, कागदांना घड्या घालायच्या कामावर, एक नवी मुलगी लागली होती. डोंगराकडून उठवून शहरात आणून वसवलेल्या लोकांपैकी. इथली भाषा तोडकीमोडकी बोलायची, आणि म्हणून फारशी बोलायचीच नाही. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती याच्या मागून जाता जाता थबकली आणि भिंगाखालच्या नोटेवरची शेवटची ओळ तिनं मोठ्यानं वाचली. वाचली म्हणजे काय, अशी वाचली की जणू घरातल्या कुणी हाक मारली होती आणि ही ओ देत होती. बादशहा बघतच राहिला. त्यानं तिला पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी दुसरी नोट आणली, तिसऱ्या दिवशी तिसरी. महिन्याभरात त्याला तिच्या भाषेतले पाच, दहा, वीस, पन्नास, शंभर आले, आणि प्रत्येक नोटेच्या काठावर असतं ते एक वाक्यही आलं, खोटी नोट करणाऱ्यास सक्तमजुरीची शिक्षा होईल. तोवर प्रेमात पडायचं तेवढं पडून झालं होतं. लग्नात छापखान्यातल्या लोकांनी हसून हसून पुरेवाट केली, की बादशहानं नोट तपासायला माणूसच ठेवून घेतलं.

पण खरं सांगायचं तर, चेष्टेत म्हटलेलं ते पुढं तसंच झालं. नोटेवर जेवढे शब्द होते तेवढे त्याला मिळाले, आणि त्यापलीकडचे त्यानं कधी मागितले नाहीत. सुरुवातीला ती घरात मधूनच आपल्या भाषेत काहीतरी बोलायची, भांडी घासताना गुणगुणायची. तो हसून म्हणायचा, अगं, मला कळेल असं बोल की. त्यात राग नव्हता, पण ती हळूहळू त्याला कळेल असंच बोलायला लागली. लेक झाली तेव्हा त्यानं सांगितलं, पोरीचा गोंधळ नको उडायला, शाळेत पोरं हसतील, घरात एकच भाषा राहू दे. तिनं बरं म्हटलं. ती कशालाही बरंच म्हणायची. बायको समंजस मिळाली, असं तो चारचौघांत सांगायचा. संध्याकाळी कामावरून आला की आतल्या खोलीत अल्बम घेऊन बसायचा, दार लोटून. वर्षं अशीच गेली, लेक मोठी होऊन दुसऱ्या शहरात गेली, तो निवृत्त झाला, ती म्हातारी झाली, आणि अल्बमांनी एक कपाट भरून दुसरं धरलं.

मग एका सकाळी तिला झटका आला.

ती वाचली. दवाखान्यातून घरी आली तेव्हा उजवा हात लुळा, चेहरा किंचित वाकडा, पण डोळे जागे. पलंग बाहेरच्या खोलीत घातला, खिडकीपाशी. तिसऱ्या दिवशी तिनं तोंड उघडलं आणि घडाघडा बोलायला लागली. ते बोलणं सगळं तिच्या भाषेत. बादशहानं तिला इथल्या भाषेत विचारलं, पाणी हवं का, दुखतंय का. ती नुसती बघायची, बाजारात परदेशी माणसानं वाट विचारल्यावर आपण बघतो तसं. डॉक्टर म्हणाले, असं होतं. शेवटी शिकलेलं आधी जातं, पहिलं शिकलेलं राहतं. माणसांची ओळखही येऊन-जाऊन राहील, म्हणाले, आणि असा झटका पुन्हा आला तर काही सांगता येत नाही. तिच्याशी बोलत राहा, तेवढंच औषध.

बोलत राहा! बोलायचं कशात?

लेक आली, आठवडाभर राहिली. आईचं अंग पुसताना, केस विंचरताना तिला आई काहीतरी सांगायची, लांबलचक, मधेच हसून, आणि लेकीला त्यातलं अक्षर कळायचं नाही. शेवटच्या दिवशी बॅग भरता भरता तिचा बांध फुटला. "बाबा, आपल्याच घरात होती ना ही भाषा? मग मला का नाही येत?" उत्तर त्याला ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक होतं. ती डोळे पुसून गाडीला गेली, पोचल्यावर फोन केला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. काढला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

एका दुपारी बायको बोलत असताना त्याच्या कानानं एक शब्द पकडला. शंभर! त्याच्या मोजक्या शब्दांपैकी एक. हातातला पेला तिथेच ठेवून तो आत पळाला आणि शंभराची नोट घेऊन आला, शिक्का नसलेली, कोरी करकरीत, संग्राहकांत जिची गोष्ट सांगतात तशी. आता या लोकांचा एक धर्म असतो, नोटेला उघडा हात लावायचा नाही, म्हणजे नाही. बोटांचं तेल कागदाला लागलं की संपलं. स्वतः तिच्या लग्नाच्या नवऱ्यानं तिला इतक्या वर्षांत एकही नोट पाकिटाबाहेर काढून हातात दिली नव्हती. त्या दुपारी त्यानं पाकीट कात्रीनं कापलं आणि ती नोट तिच्या डाव्या हातात ठेवली.

तिनं ती वाचली. वरच्या ओळींकडे बघितलंही नाही, थेट तळाला गेली. शंभर, म्हणाली. मग काठावरचं ते सक्तमजुरीचं वाक्य लहान मुलासारखं हेल काढून म्हणाली. बादशहाला राहवलं नाही, त्यानंही ते वाक्य तिच्यामागे म्हटलं. तिनं चमकून त्याच्याकडे बघितलं आणि खुदकन हसली. झटका आल्यापासून त्याच्याकडे बघून ती पहिल्यांदा हसली होती. तो स्वयंपाकघरात जाऊन भरपूर रडला.

मग काय, रोज तेच. सकाळी तिचं खाणं झालं की तो अल्बम घेऊन पलंगाशी बसायचा आणि एकेक नोट बाहेर काढायचा. तो म्हणायचा वीस, ती म्हणायची वीस. तो म्हणायचा पन्नास, ती मान डोलवायची. जन्मभराच्या नवराबायकोचं बोलणं हे एवढंच. ती नोटा चुरगाळायची, घडी घालून उशीखाली ठेवायची, एकीवर दूध सांडलं. तो काही म्हणायचा नाही. त्याचा जुना दोस्त, चौकातल्या गल्लीत जुन्या नोटा-नाण्यांचं दुकान असलेला चष्मेवाला, भेटायला आला आणि उशीखालून डोकावणारी घडी बघून कपाळाला हात लावून बसला. म्हणाला, अरे, तुझी अक्कल गहाण पडली की काय, एवढ्यात घर झालं असतं एखादं. बादशहा म्हणाला, घर आहे की.

पण एक गोष्ट त्याला खात होती. तो अल्बम घेऊन बसला की ती जवळजवळ दर वेळी एक वाक्य म्हणायची. तेच वाक्य, तोच सूर. आधी ओठांवर बोट ठेवायची, मग आतल्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडे बघायची, आणि हळूच ते म्हणायची. मग त्याच्याकडे बघायची, कळलं ना, अशी. त्यात एकही आकडा नव्हता. त्याला वाटलं, आतलं काही हवं असेल. त्यानं आतली शाल आणून दाखवली, तिच्या आईचा फोटो आणला, चादर, आरसा, शिवणाचा डबा. ती मान हलवायची, नाही, आणि पुन्हा ओठांवर बोट. तब्येत उतरत चालली होती, आवाज बारीक होत होता. हे वाक्य कळल्याशिवाय ही गेली तर, या विचारानं त्याला अन्न गोड लागेना. त्यानं ते वाक्य ऐकून ऐकून पाठ केलं, चुकलेला काना न ठेवता. अर्थाच्या नावानं मात्र शून्य.

मग तो माणूस शोधायला निघाला. संग्राहकांच्या बैठकीत गेला, जिथं दर रविवारी शहरातले सगळे नोटवाले जमायचे. तिथं त्यानं वाक्य म्हणून दाखवलं. त्या भाषेतले आकडे त्यांच्यातल्या प्रत्येकाला वाचता येत होते, आणि भाषा बोलता एकालाही येत नव्हती. डोंगराकडच्या लोकांची वस्ती होती तिथं गेला, तर वस्ती उठून तिथं गोदाम झालेलं, म्हातारी माणसं गेलेली, तरुण पोरं म्हणाली, आजीला यायची. सगळं शहर पालथं घालताना त्याच्या मनात एकच येत होतं. काखेत कळसा होता तेव्हा त्यानं तो कधी खाली ठेवून बघितला नाही, आणि आता गावाला वळसे.

शेवटी चष्मेवाल्यालाच आठवलं. एक दंतवैद्य बाई होत्या, आता दवाखाना बंद केलेल्या, त्यांनी आपल्या वडिलांच्या नोटा त्याच्याकडे विकल्या होत्या, आणि त्या तिकडच्याच. बाई फटकळ होत्या. फोनवर आधी म्हणाल्या, तुम्हा नोटवाल्यांना मी ओळखून आहे, आमची भाषा तुम्हाला फक्त किमतीपुरती हवी असते. बादशहा म्हणाला, हो, तसंच झालं माझ्याकडून. यावर बाईंनी पत्ता विचारला.

त्या आल्या, टाचा वाजवत, हातात छत्री. पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या आणि एक वाक्य बोलल्या. बस्स. ती जी बोलायला लागली! लुळा हातसुद्धा हलतोय असं वाटावं. बाई ऐकत होत्या, मधेच विचारत होत्या, मधेच दोघी खो खो हसत होत्या. बादशहा चहाचा ट्रे धरून उभाच. इतक्या वर्षांत आपली बायको एवढी बोलकी आहे, विनोदी आहे, हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं विचारलं, काय म्हणते? बाई म्हणाल्या, गंमत सांगतायत, यांच्या आईच्या एका शेळीची, ती शाळेत जाऊन मास्तरांचा हजेरीपट खायची. आणि जन्मभर लोकांना तोंड उघडायला लावलं मी, पण असं कुणी उघडलं नव्हतं.

मग त्यानं ते वाक्य विचारलं. ओठांवर बोट ठेवून, दाराकडे बघून, जसंच्या तसं म्हणून दाखवलं. बाईंनी ते ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. खात्री करायला त्यांनी तिलाही विचारलं. तिनं तेच सांगितलं, हळूच.

"त्या तुम्हाला सांगतायत की हळू बोला," बाई म्हणाल्या. "म्हणतात, नवरा आत काम करतोय. त्याचं झालं की तो येईल बाहेर."

बादशहानं ट्रे खाली ठेवला. कप कलंडला तो कुणी उचलला नाही. इतके दिवस ती त्याला बघून हसत होती, त्याच्या हातचं खात होती, त्याच्याशी वीस आणि पन्नास खेळत होती, आणि ते सगळं कुणातरी भल्या पाहुण्याबरोबर. नवरा तिच्या लेखी त्या दाराआड होता. राहिलाच होता की तिथं, कोण म्हणेल नव्हता म्हणून!

"तिला सांगा," तो म्हणाला, "की मीच तो."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज आता मऊ झाला होता. "मी शिकवते."

त्यांनी दोन लहान वाक्यं शिकवली. मी आलोय. मी तुझा नवरा. बादशहा ती घोकत राहिला, बाई जीभ कुठं लावायची ते सांगत राहिल्या. त्याचा कान पक्का, थोड्याच वेळात उच्चार असा बसला की बाईंनी मान डोलावली, म्हणाल्या, डोंगरात जन्मल्यासारखं बोलताय. मग तो पलंगाशी गुडघ्यांवर बसला, तिचा हात हातात घेतला आणि तिच्या भाषेत म्हणाला की मी आलोय, मी तुझा नवरा.

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. बघता बघता तिच्या डोळ्यांत माया आली, दया आली म्हणा हवं तर. तिनं डाव्या हातानं त्याचा गाल थोपटला आणि बाईंकडे वळून काहीतरी म्हणाली, समजूत घालावी तसं. बाई उठून खिडकीशी गेल्या आणि छत्रीचा बंद उगाच बांधत राहिल्या. त्यानं दोनदा विचारलं तेव्हा त्या बोलल्या.

"म्हणतात, हा माणूस फार चांगला आहे, पण हा तो नव्हे. माझ्या नवऱ्याला आपली भाषा येत नाही."

तिनं आणखी काही म्हटलं आणि पलंगाशेजारच्या खुर्चीकडे बोट केलं. त्याला बसा म्हणत होती, तो येईपर्यंत. बादशहा उठला आणि त्या खुर्चीत बसला. मग दोघंही आतल्या खोलीच्या दाराकडे बघत राहिली.